सोलर लावायचंय, पण गच्चीवर मिरच्या वाळतात

कोल्हापूरच्या जुन्या भागात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ४७, हायस्कूलमध्ये शिक्षिका. घर दुमजली, सासऱ्यांनी बांधलेलं, पंचगंगा घाटापासून चालत दहा-बारा मिनिटांवर. घरात पती, ७४ वर्षांच्या सासूबाई आणि अकरावीतली मुलगी. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. २०१९ च्या पुरात तळमजल्यात कमरेएवढं पाणी होतं. २०२१ ला पुन्हा पाणी उंबरा ओलांडून आत आलं. तेव्हापासून त्यांनी घरात बरंच बदललं: ओल्या कचऱ्याचं खत, कापडी पिशव्या, शाळेत चालत जाणं. आता गच्चीवर सोलर बसवायचं आहे. विजेचा वापर महिन्याला सरासरी २३० युनिट, बिल अडीच हजारांच्या घरात. पाहणीला आलेल्या विक्रेत्याने पाच किलोवॅट सुचवलं. पतींना निवृत्तीच्या तोंडावर कर्ज नको आहे, शिवाय स्लॅब गळायला लागेल ही धास्ती आहे. मुलगा फोनवर म्हणाला, "आपण पेट्रोलची गाडी घेतली आणि आता सोलर लावून काय मोठं होणार?" आणि सासूबाई तर बोलायच्याच बंद झाल्या आहेत. पाहणीच्या दिवशी गच्चीवर त्यांच्या चटणीच्या मिरच्या वाळत होत्या. विक्रेत्याच्या माणसाने मोजणीचा टेप त्यावरूनच ओढला, दोन-चार मिरच्या बुटाखाली आल्या. "मग माझ्या मिरच्या कुठं वाळवायच्या?" एवढंच त्या म्हणाल्या आणि खाली निघून गेल्या. पत्राचा शेवट असा आहे: "मी हट्ट सोडू, की कुणाला न विचारता लावून मोकळी होऊ? पुन्हा पूर आला तर निदान मी माझ्या परीनं काहीतरी केलं, एवढं तरी मनाला वाटेल."

ताई,

तुमच्या पत्रात किलोवॅट आहेत, कर्जाचा हप्ता आहे, मुलाशी झालेला वाद आहे. पण मी थांबले ती त्या टेपपाशी. चटणीच्या मिरच्या म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. ब्याडगी वेगळी, संकेश्वरी वेगळी, दोन्ही निवडून आणायच्या, देठं खुडायची, जुन्या लुगड्यावर पसरायच्या, दुपारी हाताने परतायच्या, संध्याकाळी दव लागायच्या आत गोळा करायच्या. आठ दिवस हे झालं की मग कांडपाला न्यायच्या. वर्षभराची चटणी त्या आठ दिवसांवर असते. सासूबाईंचं वय पाहता, घरातलं हे एकच काम आता पूर्ण त्यांच्या हातात उरलं असेल. त्या कामाच्या जागेवर एक परका माणूस बूट घालून आला आणि मोजणी करून गेला. त्यांना आधी कुणी सांगितलं होतं का? तुमच्या पत्रात तसा उल्लेख नाही.

म्हणून "सासूबाईंचा सोलरला विरोध आहे" हे तुमचं वाक्य मला पटत नाही. त्यांनी विरोध केलेलाच नाही. त्यांनी एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. आणि त्या प्रश्नाला चांगलं उत्तर आहे.

आपलं कोल्हापूर साधारण १६.७ अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी आपल्या डोक्यावर येतो. उभ्या खांबाची सावली खांबाच्या पायातच राहते, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. थंडीत मात्र सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि दुपारची सावली उत्तरेला लांब पडते. याचा अर्थ असा की पॅनल गच्चीच्या उत्तरेकडच्या कडेला, दक्षिणेकडे तोंड करून बसवले, तर चटणीच्या दिवसांत म्हणजे चैत्र-वैशाखात त्यांची दुपारची सावली जवळजवळ त्यांच्याच खाली पडते, आणि थंडीत पडते ती गच्चीच्या बाहेरच्या अंगाला. दक्षिणेकडचा मोकळा भाग वर्षभर उन्हात राहतो. मिरच्या, पापड, सांडगे, शेवया सगळं तिथे वाळेल.

जागा किती जाईल तेही बघा. हल्लीचं एक पॅनल साधारण साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असतं. दोन किलोवॅटला अशी चार लागतात, चालायला-पुसायला जागा धरून दोनशे चौरस फूट पुरतात. सांगाडा आठ फूट उंच घेतला तर खालची फरशीही मोकळी राहते आणि भर दुपारी गच्चीवर बसायला सावली मिळते. मिरच्या परतायला उन्हात सतत उभं राहावं लागतं, ते तुमच्या सासूबाईंना वाचेल. त्या सावलीचा फायदा खालच्या खोलीलाही होतो, एप्रिल-मेमध्ये स्लॅब तेवढा तापत नाही.

पण हे तुम्ही त्यांना कागदावर समजावू नका. येत्या रविवारी त्यांना घेऊन गच्चीवर जा, मुलीलाही बोलवा. घरात खडू असेलच. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार अशा तीन वेळा पाण्याच्या टाकीची, जिन्याच्या खोलीची, शेजारच्या भिंतीची सावली कुठे पडते ती फरशीवर आखा, थंडीत ती उत्तरेला आणखी लांब जाईल हे धरून. आणि मिरच्यांची जागा सासूबाईंनाच आखू द्या. उरलेल्या जागेत सोलर बसतं का ते मग बघा. मला खात्री आहे, बसेल. खडूच्या त्या रेघांचा फोटो काढून ठेवा, विक्रेत्याला दाखवायला उपयोगी पडेल.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते आहे. आमच्या घरावर सहा वर्षांपूर्वी सोलर बसवलं, तेव्हा सावल्या बघायचं कुणाला सुचलं नाही, बसवणाऱ्यालाही नाही. उन्हाळ्यात सगळं छान चाललं. डिसेंबरात एकदा दुपारी तीनच्या सुमारास मी मोबाईलवर उत्पादन बघत होते, आकडा एकदम खाली आला. वर जाऊन बघते तर आमच्याच काळ्या टाकीची सावली एका पॅनलच्या कोपऱ्यावर पडलेली, जेमतेम हातभर. पॅनल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एकाच्या कोपऱ्यावर सावली आली तरी सगळ्या रांगेची वीज घटते. बसवणाऱ्याने फोन उचलणं हळूहळू बंद केलं. शेवटी आम्हीच प्लंबरला बोलावून टाकी हलवली, पाइप नव्याने टाकले. तो खर्च आणि ते दोन हिवाळे वाचले असते, जर थंडीतल्या एका दिवशी खडू घेऊन वर गेलो असतो.

आता किलोवॅटचं. तुम्हाला पाच किलोवॅट कशासाठी? एक किलोवॅटमधून आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट मिळतात. म्हणजे तुमचे सध्याचे २३० युनिट दोन किलोवॅटमध्ये भागतात. पाच किलोवॅट घेतलं तर सहाशे युनिट तयार होतील आणि त्याचं तुम्ही काय करणार? नेट मीटरमध्ये, म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरमध्ये, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा धरले जातात, पण ३१ मार्चला वर्षाचा हिशेब मिटतो आणि उरलेल्या युनिटना अगदी कमी दर मिळतो. सबसिडीही त्याप्रमाणेच आखलेली आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत, जी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, एक किलोवॅटला ३०,००० रुपये मिळतात, दोनला ६०,०००, तीनला ७८,०००. तीनच्या पुढे कितीही मोठं घेतलं तरी ७८,००० च. विक्रेत्याचा फायदा मोठ्या यंत्रणेत असतो, त्याला दोष देऊ नका, पण त्याच्या आकड्यावर निर्णयही घेऊ नका.

त्याआधी माझी एक विनंती आहे. यातूनच तुमच्या पतींशी बोलायची वाट निघेल, असं मला वाटतं. वीजबिल उलटं करून मागची बाजू बघा. दर टप्प्यांचे असतात: शंभरपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा. दुसऱ्या टप्प्यातला युनिट पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट महाग पडतो. तुमचे १३० युनिट त्या महागड्या टप्प्यात आहेत. ते कशात जातात? गिझर दोन हजार वॅटचा असणार. सासूबाई सोडून तीन माणसांच्या अंघोळींना रोज दोन युनिट धरा, महिन्याला साठ झाले. जुना पंखा ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस. चार पंखे दिवसाला दहा तास चालले तर महिन्याला पन्नासच्या आसपास युनिट वाचतात. म्हणजे चार पंखे बदलून आणि अंघोळीचं पाणी सोलर वॉटर हीटरवर घेऊन तुमचा वापर १२०-१३० युनिटपर्यंत येतो आणि बिल जवळपास निम्मं होतं. वॉटर हीटरला गच्चीवर फार जागाही लागत नाही. पावसाळ्यात ढग असले की तो नीट तापवत नाही, तेव्हा गिझर आहेच.

यातली एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. बचत आधी केली की सोलरचे पैसे वसूल व्हायला जास्त वर्षं लागतात, कारण महागडे युनिट तुम्ही आधीच वाचवलेले असतात. तुमच्या घराचा माझा ढोबळ हिशेब असा: दोन किलोवॅटची यंत्रणा सबसिडी वजा जाता आणि उंच सांगाड्याचा खर्च धरून ऐंशी-नव्वद हजारांच्या आसपास पडेल. आजच्या वापरावर ती तीन-साडेतीन वर्षांत फिटेल. पंखे आणि पाणी आधी बदलल्यावर सहा-सात वर्षं लागतील. तरीही मी बचत आधी करा असंच म्हणेन, कारण पंख्यांना कर्ज लागत नाही. दर महिन्याला एक बदलला तरी चार महिन्यांत काम होतं, आणि बिल उतरताना दिसलं की तुमच्या पतींचा भरवसा बसेल. कर्जाला नाही म्हणणारा माणूस बहुतेक वेळा दिसत नसलेल्या फायद्याला नाही म्हणत असतो.

वाचलेल्या युनिटचं पुढे काय करायचं, तेही आत्ताच ठरवता येतं. तुमची स्कूटर आठ वर्षांची झाली आहे, असं तुम्ही लिहिलंय. ती चालते आहे तोवर चालवा, चांगली वस्तू मोडीत काढून नवी घेण्यात पर्यावरणाचं काही भलं नाही. पण ती थकली की पुढची विजेवरची घ्या. दिवसाला पंचवीस किलोमीटरला साधारण एक युनिट पुरतो, आणि तेवढ्याच अंतराला आज अर्धा लिटरच्या वर पेट्रोल जळतं. मग सोलर तुमच्या बिलाबरोबर पेट्रोलही वाचवायला लागेल आणि दोन किलोवॅटमधले जास्तीचे काही युनिट कामी येतील.

गळतीची भीती मात्र खरी आहे, ती मनाची समजूत म्हणून उडवू नका. सांगाड्यासाठी स्लॅबला भोकं पाडली आणि नीट बुजवली नाहीत तर पहिल्याच पावसाळ्यात छताला ओल येते. स्लॅबचं वॉटरप्रूफिंग करायचं राहिलं असेल तर ते आधी करून घ्या, सोलर बसल्यावर त्याखाली काम करणं अवघड जातं. सांगाड्याचे पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभे करा, आणि ते ठोकळे भिंती किंवा बीमच्या रेषेवर येतील असं सांगा. एकेक पॅनल सत्तावीस-अठ्ठावीस किलोचं असतं, जुन्या घराला त्यात काही जड नाही. वजनापेक्षा वाऱ्याची काळजी जास्त घ्या. एप्रिल-मेमधला आपला वळीव पत्रे उडवून नेतो, हे तुम्ही पाहिलेलंच आहे. उंच सांगाड्याला आडवे-तिरपे आधार हवेतच.

आता सगळ्यात नाजूक भागाकडे येते. तुमच्या शेवटच्या वाक्याकडे.

"पुन्हा पूर आला तर निदान मी माझ्या परीनं काहीतरी केलं, एवढं तरी मनाला वाटेल." ताई, २०१९ च्या ऑगस्टमध्ये मीही इथेच होते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की अंगावर काटा यायचा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी दर तासाला बघायची, ४३ फुटांची धोक्याची रेषा कधीच मागे पडलेली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्या मनात ते अजून उतरलेलं नाही, हे मी माझ्या नात्यातल्या माणसांत बघते. जून संपत आला की कपाटाच्या खालच्या कप्प्यातलं सामान आपोआप वर जातं. तुम्ही खत करता, चालत जाता, प्लास्टिक टाळता, हे सगळं फार चांगलं आहे. पण पत्र वाचताना मला वाटत राहिलं, की यातलं बरंचसं तुम्ही एखाद्या अपराधाची भरपाई करावी तसं करता आहात. पूर तुमच्यामुळे आला नाही. घाटमाथ्यावर थोड्या दिवसांत कोसळलेला पाऊस, नदीच्या हक्काच्या जागेत पडलेले भराव आणि झालेली बांधकामं, अशी त्याची अनेक कारणं आहेत. तुमच्या गच्चीवरच्या चार पॅनलनी पंचगंगेची पातळी इंचभरही उतरणार नाही. ती अपेक्षा तुम्ही सोलरकडून ठेवलीत तर पुढच्या पावसाळ्यात मन पुन्हा तेवढंच खचेल, आणि तोवर घरातल्यांशी बोलणंही उरलेलं नसेल.

मग सोलर लावायचं कशासाठी? तर जे त्यातून खरोखर मिळतं, त्यासाठी. महाराष्ट्राची बरीचशी वीज अजून कोळशावर तयार होते. आपल्या देशात ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दोन किलोवॅटमधून वर्षाला २,८०० ते २,९०० युनिट तयार होतात, म्हणजे वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड वाचतो, आणि पॅनल पंचवीस वर्षं काम करतात. शेवटी शेवटी त्यांची क्षमता ऐंशी टक्क्यांवर येते, एवढंच. तुमच्या मुलाला हा आकडा सांगा. तो इंजिनिअरिंगला आहे, त्याला गणित समजेल. गाडी आणि सोलर या दोन्ही गोष्टी एका घरात असू शकतात, आणि गाडी घेतली म्हणून पुढचं काहीच करू नये असं थोडंच आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो आला की तीन विक्रेत्यांची कोटेशनं तपासायचं काम त्याच्याकडे द्या. पॅनल देशी सेलचे आहेत का हे त्याला बघू दे, कारण सबसिडीसाठी ती अट आहे. पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरची वॉरंटी किती वर्षांची, आणि पाच वर्षांची देखभाल करारात लिहून दिली आहे का, हेही त्यालाच विचारू दे.

पुराच्या संदर्भात आणखी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तुमच्या पत्रात तो दडलेला आहे. तुम्ही लिहिलंय, "त्या वेळी आठ दिवस अंधारात काढले, सोलर असतं तर निदान दिवे लागले असते." नसते लागले. नेट मीटरवर चालणारी साधी सोलर यंत्रणा लाइनमध्ये वीज असेपर्यंतच चालते. बाहेरची वीज गेली की ती स्वतःहून बंद पडते. तसं नसतं तर दुरुस्तीला खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरच्या विजेने धक्का बसला असता. २०१९ ला कितीतरी उपकेंद्रं पाण्यात होती, तेव्हा उन्हात चमकणारी पॅनलही घराला वीज देऊ शकली नसती. पुरासाठी वीज हवी असेल तर बॅटरी लागते. सगळ्या घराला पुरेल एवढी बॅटरी घेऊ नका, खर्च दुपटीच्या घरात जातो. एक छोटा इन्व्हर्टर आणि एक बॅटरी वरच्या मजल्यावर ठेवा, दोन दिवे, एक पंखा आणि मोबाइल चार्जिंग एवढं त्यावर भागतं. आणि काहीही झालं तरी सोलरचा इन्व्हर्टर आणि त्याचे स्विच तळमजल्यावर बसवून घेऊ नका. जिन्याच्या खोलीत, २०१९ च्या पाण्याच्या खुणेपेक्षा बऱ्याच वर बसवा. पाणी चढायला लागलं की आधी इन्व्हर्टरकडून घराकडे जाणारा (एसी) स्विच आणि मग पॅनलकडून येणारा (डीसी) स्विच बंद करायचा, हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा, सासूबाईंनासुद्धा. दिवसा ऊन असेपर्यंत पॅनलकडून येणाऱ्या वायरींमध्ये वीज असतेच, मेन स्विच बंद केला तरी.

आणि पुराबद्दल मनापासून काही करायचं असेल, तर ते गच्चीवर नाही, गल्लीत आहे. नकाशावर आखलेली निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. तुमच्या भागात निळ्या रेषेच्या आत कुठे नवा भराव पडतो आहे, हे बघणं, तक्रार करणं, त्यासाठी दहा घरांच्या सह्या गोळा करणं, ही कामं एकट्याने होत नाहीत. पण कोल्हापूरला एकत्र येऊन सवयी बदलता येतात, हे आपण पाहिलंय. गणपती पंचगंगेत सोडायचे थांबवून इराणी खणीकडे, म्हणजे पाणी साचलेल्या जुन्या खाणीकडे वळवताना सुरुवातीला किती वाद झाले. आज किती घरांतले गणपती तिकडे जातात. आपल्या स्मशानभूमीसाठी होळीला शेणी दान करणारी मंडळंही याच गावातली.

तुमच्यासारखी पत्रं मला आणखीही येतात, म्हणून इतरांसाठी थोडं. ज्यांची स्वतःची गच्ची नाही, फ्लॅट आहे, त्यांनी सोसायटीच्या सभेत हा विषय मांडावा. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी सोसायटीलाही याच योजनेत किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. भाड्याने राहणाऱ्यांनी सोलरच्या मागे लागू नये. चांगले पंखे घ्यावेत, घर बदलताना काढून नेता येतात. गावाकडे दोन-चार जनावरं असतील तर सगळ्यात आधी गोबर गॅसचा विचार करावा, स्वयंपाकाचा गॅस आणि शेताला स्लरी दोन्ही मिळतात. कौलारू घरावर घाईने पॅनल चढवू नयेत, वासे तपासून घ्यावेत. आणि ज्यांच्या गच्चीवर गळिताच्या हंगामात पाचट जाळल्याची काळी राख पडते, त्यांनी पॅनल आठवड्याला पाण्याने धुवावेत, सकाळी लवकर, काच थंड असताना. (शेतकरी बांधवांना माझी कळकळीची विनंती आहे, पाचट जाळू नका, सरीत पसरा. जमिनीत मुरलं तर तेच खत होतं.)

आता तुमच्या सासूबाईंकडे परत येते. तुम्ही त्यांच्याबद्दल लिहिताना एक ओळ ओझरती लिहून गेला आहात. त्या अजून त्यांच्यापुरतं पाणी तांब्याच्या बंबात तापवतात, नारळाच्या करवंट्या आणि चिपाडं घालून. त्याआधी एक ओळ आहे, की घरात हिरव्या जगण्याची आवड फक्त तुम्हालाच आहे. ताई, या दोन ओळी शेजारी ठेवून बघा. तेलाचा डबा, जुनं लुगडं, करवंट्या, भाजीची देठं, यांतलं काही वाया न घालवता ज्या बाईने संसार केला, तिला तुम्ही या विषयात एकदाही विचारलं नाहीत. बंबाच्या धुराने त्यांना खोकला होत असेल, तर वॉटर हीटरचं पहिलं पाणी त्यांच्या अंघोळीला काढून द्या आणि बघा काय म्हणतात ते. बंब काढून टाकायला मात्र सांगू नका. तो त्यांचा आहे, कधी ठेवायचा आणि कधी नाही हे त्यांना ठरवू द्या.

एका कोपऱ्यात तुम्ही असंही लिहिलंय, की वीजबिल अजून सासऱ्यांच्या नावावर येतं. ते जाऊन अकरा वर्षं झाली, पण नाव बदलायचं राहून गेलं. सूर्यघर योजनेत अर्ज करताना हा मोठा अडथळा ठरतो, कारण बिलावरचं नाव आणि अर्जदार एक असावा लागतो, आणि सबसिडी त्याच माणसाच्या बँक खात्यात येते. तेव्हा विक्रेत्याला पुन्हा बोलवायच्या आधी महावितरणमध्ये वारसाने नाव बदलून घ्या. मृत्यूचा दाखला, घराची कागदपत्रं आणि वारसांचं संमतिपत्र लागेल.

नाव कुणाचं लावायचं, यावर घरात चर्चा होईलच. तुमच्या पतींचं लावावं असं सगळ्यांना वाटेल. मी म्हणेन, सासूबाईंचं लावा. अर्ज त्यांच्या नावाने, सबसिडीचे साठ हजार त्यांच्या खात्यात, आणि दर महिन्याला येणाऱ्या बिलावर त्यांचं नाव. रविवारी गच्चीवर खडूने रेघा मारून झाल्या, की तिथेच बसून त्यांना विचारा, "आई, मीटर तुमच्या नावावर घ्यायचं का?"